पालखीच्या वाटेवरची शाळा

ये गो, अशी जवळ सरक. मुंबईत असलीस म्हणून काय झालं, वाचताना तरी आत्याशेजारी बसल्यासारखी बस. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. यंदा गणपतीला पोलादपूरच्या फाट्यावरून तू सरळ खेडला सासरी निघून गेलीस. कारण काय सांगितलंस? "आत्या, तुमच्याकडं डोंगर खाली येतो, पोरांना घेऊन यायची भीती वाटते." अगो, डोंगर काय एकट्या तुझीच वाट बघत बसलाय? भीती आम्हालाही होती. तिचं आम्ही काय केलं ते ऐक, मग ठरव.

जुनी शाळा आठवते ना, खाली पऱ्याच्या काठाला? पऱ्या फुगला की पाणी थेट वर्गात. एका पावसाळ्यात मागची भिंतच गेली. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. मग शाळेला टाळं लागलं आणि पोरं रिक्षात कोंबून हायवेपलीकडच्या शाळेत जायला लागली. वाटेत पऱ्यावरची मोरी, तो बुटका पूल. एका दुपारी मोरीवरून पाणी गेलं. माझी नात पलीकडं, सून अलीकडं. दोघी एकमेकींना बघत होत्या, पण पाण्याच्या आवाजात हाक पोचत नव्हती. पाणी उतरलं तेव्हा दिवस मावळायला आलेला.

घरी आल्यावर पोरीचे पाय पुसता पुसता सून म्हणाली, "आई, शाळा पायी जाण्यासारखी झाली नाय, तर येत्या जूनमध्ये मी हिला घेऊन ह्यांच्याकडं जाणार. नालासोपाऱ्याची खोली लहान हाय, पण मध्ये पऱ्या नाय."

तिचं खरंच होतं. पण वाडीतल्या अर्ध्या दारांना आधीच कुलपं, त्यात माझंही दार जाणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

नव्या शाळेसाठी जागा बघायला एक साहेब आले. तरुण पोरगा, पण सगळा डोंगर स्वतः चढून उतरला. त्याला वरचा, सहाणेजवळचा सपाट कातळाचा सडा पसंत पडला. सहाण म्हणजे शिमग्यात देवीची पालखी टेकवतात तो चौथरा, तुला माहीत आहेच. म्हणाला, "खाली अखंड कातळ आहे, पऱ्या लांब आहे, वरून काही कोसळायची भीती नाही. शाळा अशी बांधू, की वेळ आली तर सगळी वाडी इथे राहील. पण आजी, लहान पोरं इथवर येणार कशी? वाट दाखवा, पुढचं मी बघतो."

वाट होती गो! पालखीची. ती प्रत्येक दाराशी जाते आणि पऱ्या कुठेच ओलांडत नाही. खांद्यावर पालखी असताना पाय घसरू नये असा तिचा चढ. पण माणसं मुंबईला गेली, खांदे कमी पडले आणि पालखी टेम्पोत बसून खालच्या डांबरी रस्त्याने फिरायला लागली. रिकाम्या वाटेवर कुणी गवताची उडवी रचली, कुणी कोंबड्यांचं खुराडं मांडलं. आणि माझ्या चुलत दिरांनी, मुंबईची नोकरी संपवून आल्यावर, वाटेत आडवा चिऱ्यांचा कंपाउंड घातला. मी गोडीत सांगून बघितलं. "वयनी, जागा माझी, भिंत माझी," एवढंच उत्तर.

मग शिमगा आला. मुंबईची पोरं सुट्टी काढून आली. त्यांना म्हटलं, "यंदा टेम्पो नको रे. जुन्या वाटेनं खांद्यावर न्या. खांदे दुखले तर तेल मी लावीन." आपला रिवाज तुला ठाऊक आहे, पालखी एकदा निघाली की पाठ फिरवत नाही. आडवं येईल त्याने बाजूला व्हायचं.

उडवी हलली. खुराडं हललं, ढोलाला भिऊन कोंबड्या कौलांवर चढल्या. आणि पालखी आली भिंतीपाशी. भिंतीच्या आत दीर ओवाळणीचं ताट घेऊन उभे, बाहेर देवी. ढोल काही थांबेना.

"पलीकडनं फिरवा की रे," दीर म्हणाले.

"काका, मागं नाय फिरत ती. तुम्हीच शिकवलंत ना?"

तेवढ्यात जाऊबाई आतून कडाडल्या, "अवो, बघताय काय? देवी उन्हात उभी हाय! पहार आणा!"

दिरांनी माझ्याकडं बघितलं. "वयनी, ही तुमची करणी."

"माझी कसली भावजी? मी तर नारळ घेऊन मागं उभी हाय."

पहिला चिरा त्यांनी स्वतः काढला. पुढचे काढायला पोरांनी वाट बघितली नाही. पालखी अंगणात अशी नाचली, की दीरही ताट ठेवून तिच्याखाली शिरले. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "चिरे वाया कशाला घालवता? चढाला पायऱ्या करा." आणि गळ्यात शिट्टी अडकवून कामावर देखरेख करायला हजर! आम्ही बायांनी डोंगराच्या अंगाला गटार खणलं, उताराच्या बाजूला बांबूचा कठडा बांधला. साहेबाने शब्द पाळला. शाळा उभी राहीपर्यंत सून थांबली, आणि मग पोरं आपापल्या पायांनी शाळेत जायला लागली.

ह्या श्रावणात त्या वाटेची परीक्षा झाली. पाऊस कोसळत होता आणि सकाळी पऱ्याचं पाणी एकाएकी आटलं. म्हणजे वर कुठे तरी डोंगर घसरून पाणी अडलं, आता तो खाली येणार, हे गुरुजींनी सगळ्यांना शिकवून ठेवलेलं. शाळेची घंटा वाजत सुटली. आपली माणसं कशी, जीव धोक्यात असला तरी आधी गोठ्यात धावतात दावी सोडायला. म्हणून ठरवलेलं, मोठा पाऊस लागला की गुरं संध्याकाळीच मोकळी करायची. आदल्या दिवशी तशी सोडलेली, म्हणून गोठ्याकडं कुणी वळलंच नाही.

सून मात्र दारात घाबरीघुबरी, "आई, पोरगी!"

म्हटलं, "अगो, आपण चाललोय तिथंच ती हाय!"

ती थबकली, आणि हसली गो. अशा पावसात ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. सगळी वाडी पायी चालत वर गेली, आंधळी म्हातारीसुद्धा कठडा धरून. शाळेच्या दारात नात उभी, एकेका घराला हाक मारून आत घेत होती. शेवटी शिट्टी वाजवत दीर आले. मग डोंगर आला. रिकामे गोठे गेले, माझी मागची पडवी गेली. माणसाला ओरखडा नाही.

दीर हळूच म्हणाले, "वयनी, भिंत असती तर…"

"तर तुम्ही तिच्यावर चढून शिट्टी वाजवली असती!" सगळी शाळा हसली.

लेकाचा मुंबईहून फोन आला, "दोघी निघून या इकडं." सून शाळेच्या चुलीवर सगळ्यांची खिचडी ढवळत होती. डाव हातात धरूनच बोलली, "आमी कशाला येऊ? तुमीच या. पडवी बांधायची हाय."

तो आला, पडवी बांधून गेला. आता पाळी तुझी. गाडी फाट्यावर ठेव, नात घ्यायला येईल. तिचा हात धरायला जाऊ नकोस, तिला राग येतो. म्हणते, मला वाट पाठ हाय. तुझी पोरं तिच्यामागे सोड आणि तू सावकाश ये. शिमग्यापर्यंतसुद्धा थांबू नकोस गो, लवकर ये.