तीन गावांतली एकच खोली

शाळांना शाईच्या पुड्या आणि टाक विकत फिरणाऱ्या माणसाला लॉजच्या गोष्टी शिकवायला जाऊ नये. मी त्यातलाच. दुसऱ्या लढाईची शेवटची वर्षं आणि पुढची थोडी, सातारा ते सांगली एवढा मुलूख मी दोन पिशव्या खांद्याला मारून पालथा घातला. मधे कधी विटा, कधी कुंडल. मुक्कामाला मात्र एकाच मालकाचं घर. त्याची तीन घरं होती: साताऱ्यात एक, कराडात एक आणि सांगलीत एक. त्या काळी ज्याला त्याला दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं मिरवायची हौस. या पठ्ठ्यानं उलट पाटी लावली होती, ‘तिन्ही ठिकाणी सारखीच व्यवस्था’. आणि होतीही सारखीच! खोलीत शिरलं की उजव्या हाताला खाट, उशाशी कोनाडा, कोनाड्यात तांब्या, दारामागं कोट अडकवायचा खिळा. गाव कुठलंही असो.

याचा फायदा काय, ते ज्यानं अख्खा दिवस हेडमास्तरांच्या दारात पिशव्या घेऊन ताटकळत काढलाय, त्यालाच कळेल. दमून आलात तरी डोकं चालवावं लागत नाही. हात आपोआप तांब्याकडं जातो. दर ठरलेला, त्यामुळं घासाघीस नाही. कारकून ‘कोण, कुठले, किती दिवस’ विचारत बसत नाही. आता तोटा ऐका. आमटी! कराडला अर्धी टाकून उठावं, तर सांगलीत तीच ताटात हजर. ढेकूणसुद्धा मालकानं एकाच घरातून वाटून दिले असावेत अशी मला दाट शंका आहे. आणि जाग आल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते चटकन कळायचं नाही. एकदा सांगलीत उठून बाहेर आलो आणि साताऱ्याच्या किल्ल्याचा डोंगर कुठं गेला म्हणून रस्त्यात खुळ्यासारखा उभा राहिलो होतो.

एवढं असूनही मी त्या घरांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. का, ते सांगतो. त्याला कारण माझी आई.

आम्ही साताऱ्याचेच; रात्री उशिरा पोचलो की घरच्यांची झोप मोडायला नको म्हणून मी तिथल्याही लॉजवर पडायचो. वडील लवकर गेले. आईनं दुसऱ्यांच्या लग्नामुंजींचे लाडू वळून, पापड लाटून मला मॅट्रिक केलं, पण कुणापुढं पदर पसरला नाही. कुणी नुसतं ‘बिचारी’ म्हटलं तरी ती त्या घरचं काम सोडायची. अशा बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. समोरच्या माणसाचं नुसतं सावट दिसायचं तिला. तरी घरात ती अशी वावरायची की आलेल्या पाहुण्याला पत्ता लागू नये. देवळाच्या पायऱ्यांवर शेजारणीनं एकदा कोपर धरलं, तर आई फाडकन म्हणाली, “सोड गं. मी काय नवी नवरी आहे, हात धरून चालवायला?”

सांगलीला एक डॉक्टर मोतीबिंदू काढत. मी जाऊन भेटून आलो. ते म्हणाले, आणा, आधी एक डोळा करू, पण उशीर करू नका. थोडे दिवस दवाखान्यात, मग डोळ्यांवरची पट्टी निघेपर्यंत जवळपास कुठंतरी राहायचं, रोज दाखवायला यायचं. पट्टी मात्र दोन्ही डोळ्यांवर. आणि त्या दिवसांत पडणं, धडपडणं, डोक्याला हिसका बसणं, काही होता कामा नये. झालं तर डोळा गेलाच म्हणून समजा.

मी मोठ्या उत्साहानं घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, “मी नाही येणार.”

“का?”

“तुझी बायको पोटुशी, ती येणार नाही. म्हणजे तू. परक्या गावात मुलानं मला हाताला धरून मोरीपर्यंत न्यायचं, संडासाच्या दारात उभं राहायचं. त्यापेक्षा नाही दिसलं तरी चालेल. इथं माझं मी करते.”

झालं! माझ्या डोक्यात राख. मी तिचाच मुलगा, राग नाकावरच. नको नको ते बोललो. आंधळी होऊन बसशील, नातवाचं तोंड दिसणार नाही, हेही बोललो. तिनं शांतपणे तांदूळ निवडायला घेतले. बोटांनी चाचपून खडा काढून बाजूला ठेवायची, आणि एकही चुकायचा नाही. ते बघून मला आणखीनच चीड आली आणि रडूही आलं. घरात बोलणंच बंद झालं.

शेवटी बायको म्हणाली, “अहो, तुम्हीच सांगत असता ना, त्या मालकाची तिन्ही घरं सारखी म्हणून? साताऱ्याचं घर तर आपल्याच पेठेत आहे. सासूबाईंना ते पाठ करू दे की.”

 एवढी वर्षं मी त्या सारखेपणाला नावं ठेवत, कधी वाखाणत फिरलो, पण त्याचा असा उपयोग माझ्या टाळक्यात शिरला नव्हता.

मालकाला जाऊन विचारलं. गडी असा काही फुलला! “आवं, येऊ द्या की आईंना! मागच्या बाजूची बायकांची खोली दुपारची मोकळीच असतीया. हितं जे हाय तेच सांगलीला हाय. खिळासुदीक हिकडचा तिकडं न्हाई, लिवून देतो.” 

मग रोज दुपारी, उतारू कामाला पांगले की मी आईला घेऊन जायचो. घेऊन जायचो म्हणजे काय, मी पुढं चालायचो आणि ती माझ्या वहाणांच्या आवाजामागून यायची. खोलीत गेली की पदर डोळ्यांवरून घट्ट बांधायची. उगाच सावटावर भिस्त नको म्हणून. खाटेवरून उठायचं, भिंतीला हात लावायचा, दार, बोळ, वळण, मग मोरी, तिच्यापलीकडं परसात संडास. पहिल्या दिवशी कडीला डोकं आपटलं. मी धावलो तर ओरडली, “तू बाहेर बस जा! तुझ्या काळजीनंच मी धडपडते.” मी बाहेर बसलो. पुढंपुढं ती हातात भरला तांब्या घेऊन परसातून यायची आणि थेंब सांडायचा नाही. एके दिवशी घरी जाताना आपणहून म्हणाली, “काढ सांगलीचं तिकीट.”

दवाखान्यात तिनं तक्रारीचा शब्द काढला नाही. सगळ्यांना वाटलं होतं, ही म्हातारी तिथं नर्सशी भांडेल. पण पाठीवर निपचित पडून राहिली. नर्सनं केलेलं सगळं करून घेतलं. मी नवल केलं तर म्हणाली, “तो औषधाचा भाग. त्यात कसला कमीपणा?” तिचे नियम तिचे होते.

मग आम्ही सांगलीच्या घरात आलो. टांग्यातून तिला मी उतरवली, तेवढं तिनं चालवून घेतलं. मागच्या खोलीत खाटेवर बसली. हात मागं नेऊन कोनाडा चाचपला, तांब्याला बोटं लागली, आणि तोंडभर हसली. “आहे गं बाई,” असं स्वतःशीच म्हणाली. थोड्या वेळानं उठून उभी राहिली. “जाऊन येते. तू इथंच थांब.”

मी दारात उभा राहिलो. डोळ्यांवर जाड पांढरी पट्टी, मान ताठ, एक हात भिंतीला. बोळातून निघाली ती अगदी आपल्या माजघरातून निघाल्यासारखी. वळणाशी पोचली आणि मला एकदम आठवलं. साताऱ्याला मोरीच्या दाराला उंबरा होता. सांगलीला उंबरा नव्हता, तिथं मोरी एक पायरी खाली होती! मी शंभरदा उतरलेली पायरी. माझ्या पायांना ती एवढी सवयीची की मला, लॉजमधल्या या पंडिताला, सांगायची आठवणच झाली नाही. आणि तो मालक! खिळ्याची शपथ घेणारा!

ओरडावं तर ती दचकेल. धावावं तर धक्का लागेल. तोंड उघडून तसाच उभा राहिलो. एका पायरीवर आईचा डोळा, म्हणजे तिचं पुढचं सगळं आयुष्य, टांगलेलं होतं.

आई दारात थांबली. उंबरा ओलांडायला पाय उचलला नाही. अंगठा हळूच पुढं सरकवला, जमीन चाचपली, कड लागली. चौकट धरली, पाय खाली सोडला, टेकला, मग दुसरा. आणि आत जाऊन तिनं कडी लावली.

परत आली तेव्हा मी दारातच होतो. “आई, ती पायरी... माझ्या लक्षातच...”

“हो, आहे पायरी,” ती खाटेवर बसत म्हणाली. “मालक म्हणाला सारखं, तू म्हणालास सारखं. तुम्हा पुरुषांना सगळंच सारखं दिसतं. म्हणून मी पायाला विचारून टाकते पाऊल. आता जेवायला काय आहे ते बघ.”

आमटी होती. ती म्हणाली, बरी आहे, पण चिंच जास्त.

पट्टी निघेपर्यंत आम्ही तिथं राहिलो आणि एकदाही मला तिचा हात धरावा लागला नाही. हळदीचे व्यापारी उतरलेले असत. पहिल्या दिवशी ते कुजबुजले. नंतर ती बोळातून येताना दिसली की अंग चोरून भिंतीला चिकटून उभे राहायचे. त्यातला एक जाडजूड गृहस्थ मला म्हणाला, “तुमची आई लय कडक हाय बगा.” तेव्हा मला जो अभिमान वाटला, तो मॅट्रिक पास झालो तेव्हाही वाटला नव्हता. “हाय की,” मी म्हणालो, आणि मुद्दाम त्याच्याच बोलीत म्हणालो.

डॉक्टरांनी पट्टी काढली, तात्पुरता म्हणून एक जाड भिंगांचा चष्मा दिला. डोळ्याला दृष्टी आली होती. आई माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “वाळलास की रे.”  

सामान घ्यायला आम्ही खोलीवर परतलो. आईनं भिंती बघितल्या, पानाच्या पिचकाऱ्या बघितल्या, कोनाड्यातली काजळी बघितली, खाटेच्या सुंभात बोट घातलं. “शी! अशा उकिरड्यात ठेवलंस होय मला?” कारकुनाला बोलावून तिनं असा काही झाडला की तो बिचारा फडकं आणायला पळाला. मला हसू आवरेना. तिला दिसत होतं! तिला घाण दिसत होती!

पिशव्या खांद्याला लावून मी सवयीनं पुढं निघालो. बोळाच्या तोंडाशी मागून हाक आली.

“थांब. हात दे.”

मी वळलो. चष्म्याआडून ती माझ्याकडंच बघत होती. नजर अगदी माझ्या तोंडावर. मी म्हणालो, “का गं? दिसत नाहीये का नीट?”

“दिसतंय,” ती म्हणाली. “म्हणून तर धरते. आण इकडं.”