रामटेक्यांचा अँप्लिफायर आणि एकच हेडफोन

गाणे ऐकणाऱ्यांच्या बैठकीत गाण्यापेक्षा किस्सेच अधिक साठतात; गाणे संपते, किस्सा मात्र दर खेपेस नवी तान घेतो! आमची बैठक रविवारी सकाळी, विश्रांतवाडीला, निवृत्त सरकारी अधिकारी रामटेके यांच्या घरी. श्रोते तिघे: रामटेके, अभियंते बापट आणि मी. नियम एकच: ध्वनिमुद्रणातला तानपुरा विरण्याआधी जो बोलेल, त्याने सर्वांसाठी चहा करायचा.

रामटेक्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, ऑपरेशन झाले आणि त्यांना मोठा आवाज सोसवेना.

"बैठक बंद करू," रामटेके खिन्नपणे म्हणाले.

"बैठक कशाला? आवाज बंद करू!" बापट म्हणाले. "हेडफोन लावू."

पण जुन्या अँप्लिफायरला हेडफोनची सोयच नव्हती, आणि नवा पेन्शनीत बसेना.

•

बापटांनी स्पीकरच्याच तारा हेडफोनला जोडल्या. क्षणभर सूर उमटला, मग जळका वास.

"कसं वाटलं?" बापटांनी विचारले.

"सूर कमी, धूप जास्त!" रामटेके म्हणाले.

•

पुढे उमगले, की टेप रेकॉर्डरसाठी अँप्लिफायरच्या मागे जी जोडणी असते, तिथे स्वस्तातला छोटा हेडफोन-अँप लावता येतो. तसा लावला, हेडफोनही नवा आणला. दुसऱ्या दिवशी, वहिनी तपासणीला गेलेल्या असताना, रामटेके एकटेच ऐकायला बसले. सवयीने मोठ्या अँप्लिफायरचे बटण फिरवले. कानांत आवाज वाढेना! आणखी फिरवले. मागची ती जोडणी या बटणाला जुमानत नाही. स्पीकर मात्र जुमानतात, आणि ते बंद करायचे राहिले होते.

वरचे शेजारी दारात उभे: "अहो, हेडफोन आपण लावलाय की सोसायटीने?"

•

हेडफोन एक, श्रोते तिघे. एकाने ऐकायचे, उरलेल्यांनी त्याचा चेहरा पाहायचा.

"याला श्रवण म्हणता येणार नाही," मी म्हणालो. "दर्शन म्हणावे."

"मग प्रसाद कधी?" बापट.

•

गेल्या रविवारी ऐन आलापात वहिनी बाहेर आल्या. इतकी वर्षे आमचे गाणे त्यांनी स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकलेले.

"मलाही द्या ना जरा."

रामटेक्यांनी आवाज अगदी बारीक केला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर अलगद ठेवला. वहिनींनी डोळे मिटले. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो.

थोड्या वेळाने, कान झाकलेला माणूस बोलतो तशा खणखणीत आवाजात त्या उद्गारल्या, "अहो, ही बाई मधेच श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू येतो हो!"

बापटांनी माझ्याकडे पाहिले, मी रामटेक्यांकडे.

रामटेके उठले, आत गेले आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले.