शिकलेलं घर

संपात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटा भाऊ पाचवीत. आईने लालबागच्या खोलीतच खाणावळ काढली. चपात्या लाटायला आणखी दोन हात हवे होते. हात भावालाही होते, पण आईला ते माझेच दिसले. बाबा कोकणात गेले ते तिथेच राहिले. माझी शाळा सुटली आणि लाटणं हातात आलं.

भाऊ मात्र शिकला. नुसता शिकला नाही, तर पीएचडी होऊन माटुंग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागला. देशादेशांतली विषमता हा त्याचा विषय. माणसं किती जगतात, किती शिकतात, किती मिळवतात हे मोजून शाळेत लावतात तसे देशांचे नंबर लावायचे. श्रीलंका आपल्या पुढे आहे याचं त्याला मनापासून वाईट वाटे. मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवतात ते देश वर जातात, हे तो जेवताना अगदी कळकळीने सांगायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "ताई, अजून एक वाढ." मी वाढायचे. कोणता देश किती मागे आहे हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

अशात एका संस्थेने चाळीतल्या बायकांसाठी दहावीचा वर्ग काढायचं ठरवलं. दुपारची वेळ, गणपती मंडळाची खोली. जागा थोड्या, म्हणून आधी घरोघरी पाहणी. मला दहावी व्हायचं होतं. लग्नाची, दागिन्यांची हौस कधीच विरली होती. ही एवढी एकच उरली होती.

पाहणीला आलेल्या मुलीने दारातूनच विचारलं, "घरात कुणी दहावी झालंय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तर काय? माझो झील प्रोफेसर आसा."

मुलीने कौतुकाने मान हलवली आणि ती शेजारच्या दाराशी गेली. वर्गाच्या यादीत माझं नाव आलं नाही.

रात्री भावाला विचारलं तर त्याने वर्गात समजावतात तसं समजावलं. "मोजणी घराची असते, ताई. घरात एक जण शिकलेला असला की त्याचा फायदा सगळ्यांना होतो, असं धरतात. म्हणजे आकड्यांत तू शिकलेलीच आहेस."

"आणि घर कशाला म्हणतात?"

"एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. रडत रडतच माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढला, घासला, वात बदलली. "उद्यापासून माझी चूल वेगळी," मी म्हटलं. त्याला वाटलं, रुसली असेल.

दुसऱ्या दिवशी खाणावळीचे डबे वेळेवर गेले, पण घरचा स्वयंपाक मी माझ्यापुरताच केला. मग घोडपदेवला संस्थेच्या ऑफिसात जाऊन सांगून आले, की माझं घर आता निराळं आहे आणि त्यातल्या कुणाचीही सातवी पुरी झालेली नाही. खात्री करायला तीच मुलगी पुन्हा आली. एकाच खोलीत दोन घरं बघून बिचारी गोंधळली. एका घरात पीएचडी होती, पण शिजलेलं काही नव्हतं. दुसऱ्यात भात आणि सुकटाचं कालवण होतं, शिक्षण नव्हतं. भाऊ म्हणाला, ही शास्त्राची थट्टा आहे. पण भूक लागल्यामुळे त्याला ते नीट म्हणता आलं नाही.

"म्हणजे तुमच्या घरात तुम्ही एकट्याच ना?" मुलीने मला विचारलं.

मी हो म्हणणार, तेवढ्यात आई उठली. माझी शाळा सोडवल्याबद्दल इतक्या वर्षांत ती चकार शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही. आपलं ताट उचलून ती माझ्या स्टोव्हपाशी येऊन बसली आणि त्या मुलीला म्हणाली, "एकटी नाय. माझां पण नाव हयच लिव गो."