जर्मन गाडी विकायला बोरिवलीहून मुलुंडला

सोसायटीने नोटीस लावली, एका घराला एकच गाडी. आमच्याकडे दोन. सुनेची ऑफिसची पांढरी, नि माझ्या लेकाची, सुनीलची, चाळीस वर्षांची जर्मन स्पोर्ट्स कार, जिचा साधा स्क्रूपण परदेशातून येतो. शेवटी तो विकायला तयार झाला. मुलुंडचे कदम घेणार होते. हा वाटेतूनच माघारी फिरेल म्हणून सून म्हणाली, "आई, तुम्ही सोबत जा." गेले.

अशा गाडीतून जायचंच असेल तर आधी बूड टाका, मग पाय आत घ्या. उलट केलंत तर अडकाल. एसी नाही. आठच्या आत हायवेला लागा. आम्ही नऊला निघालो नि जोगेश्वरीपर्यंतच तास गेला. सीट इतकी खाली, की शेजारच्या टेम्पोच्या चाकाचे नट मोजून झाले.

पवईच्या सिग्नलला एक बाइकवाला मोबाइल काढून म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय."

"आत बसलेय रे मेल्या. बाजूला कुठे जाऊ, डिकीत?"

ही चाळीसची, तर लोक वाकून बघतात. मी सत्तरीची, मला रस्ता ओलांडायलापण कोण थांबत नाही. भांडुपला शहाळं घेतलं, सत्तर रुपये, मलई नाही. शहाळेवाल्याने म्हशीवर फिरवावा तसा गाडीवर हात फिरवला. सुनील खूश. बावळट.

मुलुंडला कदमवहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या. पुढच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढून त्यांनी इंजिनाला हात जोडले.

सुनील हळूच म्हणाला, "वहिनी, ती डिकी आहे. हिचं इंजिन मागे असतं."

कदम हसले. "कुठेपण असू दे हो. चालवणार कोण? हॉलसमोर काचेत उभी करायची, पाहुण्यांना दाखवायला."

सुनील चावी मुठीत धरून उभा. पन्नाशीचा घोडा, डोळे भरलेले.

रडक्या माणसांचा मला राग येतो. पण दोन तास माझी हाडं खिळखिळी करत ती गाडी धावली होती, हे मी स्वतः भोगलेलं.

"कदम," म्हटलं, "दाखवायलाच पाहिजे तर खेळण्यातली घ्या. सुनील, चावी खिशात घाल."

आता सुनेची पांढरी गाडी गल्लीत उभी राहते, नि माझ्या आमटीत मीठ नसतं. प्रवासातून काय राहिलं विचाराल, तर कमरेत उसण, साडीला पेट्रोलचा वास, नि गाडी.