शालीखालचा हात

माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मास्तरकीचं एक वर्ष उरलं होतं. पाय कसाबसा सावरला. हात मात्र लोंबतच राहिला. बीडच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. आधी एक गोळी, तासाभराने डोक्याला चुंबकाचं यंत्र लावून मेंदूला टकटक, आणि लगेच बोटांचा व्यायाम. "खात्री देत नाही," ते म्हणाले, "पण यंत्रानंतरचा तास वाया घालवू नका. मेंदू तेव्हाच जास्त ऐकतो."

रोजचा हेलपाटा नको म्हणून आम्ही नवराबायकोने महिनाभर स्टँडमागे खोली घेतली. तिथेच फसलो. गावचा माणूस कोर्टात आला, तहसीलला आला, की एसटी सुटेपर्यंत टेकायला हक्काची जागा झाली. शिवाय आजाऱ्याला न भेटता गेला तर गाव नावं ठेवणार.

मी यंत्राखालून यायचो आणि हरभऱ्याची वाटी पुढ्यात घ्यायचो. एकेक दाणा चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायचा. तेवढ्यात दारात चपला वाजायच्या. बायको वाटी कॉटखाली सारायची आणि माझ्या हातावर शाल टाकायची. नवऱ्याचा लुळा हात चारचौघांनी पाहावा, हे तिला सोसायचं नाही. मग चहा आणि तेच तेच: "काहून झालं असं, गुर्जी? आता हात हलवूच नका. लई केलंत आजवर." चांगली माणसं, त्यातली निम्मी माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणून तर जास्त चिडायचो. दावणीला बांधल्यासारखा बसून भिंतीवरचं घड्याळ बघायचो. 'उठा आता' म्हणायला तोंड होतं, धाडस नव्हतं.

विसाव्या दिवशी ऊसतोडीहून परतलेली चार जोडपी एकदम आली. कारखान्यावर असताना भेटायला जमलं नाही, याचीच त्यांना चुटपुट. तो तास संपत आला होता. मी रागारागाने शालीखाली अंगठा हलवायला गेलो, आणि तो हलला. पुन्हा हलवला. पुन्हा हलला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारी बसलेल्या बायकोला शाल हललेली दिसली. तिने वरून हात ठेवला, घट्ट दाबला आणि कानाशी पुटपुटली, "गप बसा की. पाव्हणे हायत."

मी गप बसलो.