रेघेवरचं घर

सीग्नेने आईबापांचं ते भांडण ऐकलं तेव्हा ती पडद्याआड, मक्याच्या पाल्याच्या गादीवर झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

"नवऱ्याची जमीन वेगळी, बायकोची वेगळी, असं कुठं असतं होय?" हाल्वोर म्हणत होता. "तुझा तुकडा सोड. क्नूट येतोय नॉर्वेहून, त्याच्या नावावर लावू."

"भाऊ तुझा ना? मग तुझ्यातली दे," आई म्हणाली.

"तुझ्या डोक्यात काही शिरेल तर शपथ!"

"नीट बोल. सकाळी कॉफी लागते ना तुला? चूल माझ्या जमिनीवर आहे."

ही चेष्टा नव्हती. चूल खरंच तिच्या जमिनीवर होती.

सीग्नेची आई ओस्ना अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर आली ती एकटी, बिनलग्नाची. तशा बाईलाही सरकार तिथं जमीन देत होतं. ती जमीन आधी कुणाची होती, हे कुणी विचारत नसे. अट एवढीच, की मालकीचा कागद हातात येईपर्यंत त्याच तुकड्यावर राहायचं, तिथंच झोपायचं, तिथंच नांगरायचं. शेजारच्या तुकड्यावर हाल्वोर. लग्न झालं तेव्हा पंचाईत आली: जो दुसऱ्याकडे राहायला जाईल त्याची जमीन जाणार. मग त्यांनी घर बांधलं ते हद्दीच्या रेघेवरच. गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर. खाटही रेघेवर आडवी टाकली, आपापल्या बाजूला आपापलं अंग.

चर्च सुटल्यावर लोक विचारायचे, "काय हाल्वोर, कूस बदलताना जपतोस ना? रात्रीचा दुसऱ्याच्या शेतात जाशील!"

 त्या भांडणानंतर हाल्वोरने फळ्या आणल्या आणि नवं घर उभं केलं, सगळं आपल्या बाजूला. काचेची खिडकी, लाकडी जमीन, छतातून साप पडायची भीती नाही. असं घर बघून बाई आपसूक येईल, असा त्याचा हिशेब. ओस्नालाही तो कळला. इथं झोपलं की जमीन गेली.

तिने घराचं तोंड भरून कौतुक केलं. लाकडी जमीन वाळूने घासली, सगळ्यांना जेवू घातलं, भांडी धुतली. मग एका काखेत गोधडी मारली, दुसऱ्या हातात खरकट्या पाण्याची बादली घेतली आणि निघाली.

"कुठं चाललीस?" हाल्वोरने विचारलं.

"घरी."

रेघेच्या पलीकडे तिने रानआलुबुखाराचं रोप लावलं होतं. बादली त्याच्या मुळाशी ओतून ती मातीच्या घरात शिरली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

हिवाळा लागला. तिकडचं बर्फाचं वादळ असं, की गोठ्यापर्यंत गेलेला माणूस परत सापडायचा नाही. हाल्वोरने एक दिवस मुकाट्याने दोन्ही दारांमध्ये दोर बांधला. आणि एका संध्याकाळी तो धरून स्वतःच आला, टोपीवर बर्फ घेऊन.

"येऊ का आत?"

"पाय पूस," ओस्ना म्हणाली.

क्नूट आला, त्याला हाल्वोरने आपल्यातलीच जमीन वाटून दिली. ओस्नाचा कागद ओस्नाच्या नावाने आला. आता तरी ही फळ्यांच्या घरात येईल, असं सगळ्यांना वाटलं. कसली येते! तिथं रांधायची, खायची, पाहुण्यांपुढे मिरवायची. झोपायला मात्र रेघेपलीकडे. हाल्वोरही मरेपर्यंत रोज रात्री दार वाजवत राहिला. नवरा आपल्याच बायकोचं दार वाजवतो, याचं माळावर हसू व्हायचं. त्याने ते कधी मनावर घेतलं नाही.

सीग्नेचं लग्न झालं, जावई भूमिहीन. बापाची जमीन काकाबरोबर वाटून उरली ती जेमतेम. नांगर धरायला त्यांना जागा मिळाली ती आईची.

ओस्नाच्या शेवटच्या संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर सीग्ने म्हणाली, "आई, गार वारा सुटलाय. राहू दे, मी टाकते पाणी."

"तू तुझं झाड लाव," म्हातारी म्हणाली.

गोधडी काखेत, बादली हातात. रेघ ओलांडून तिने पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, बुडाला चिकटलेला कॉफीचा चोथा थाप मारून पाडला, बादली खांबावर पालथी घातली आणि दारात पाय पुसून आत गेली.