यजमानीण बसल्याशिवाय

गुडघा बदलून आर्लिस हॉवलंड नऊ आठवड्यांनी कामावर परतली तेव्हा तिच्यासाठी केक होता, कॉफी होती, आणि सहा नंबरच्या खोलीत ओर्फा ब्राट्सबर्ग उपाशीपोटी संपत चालली होती.

"केक कापा तुम्ही," आर्लिस म्हणाली आणि काठी टेकत सहा नंबरकडे निघाली.

नॉर्डालचं रुग्णालय बारा खाटांचं. त्याच छपराखाली, एक रुंद दार ओलांडलं की वृद्धांचा विभाग. तिथे अठ्ठावीस जण. अलीकडे माणसं बरी होऊन घरी जातात, पलीकडे घर सोडून राहायला येतात. आर्लिस इथे एकोणतिसाव्या वर्षी लागली ती स्वयंपाकघरात, बटाटे सोलायला. तीन महिन्यांनी एका हट्टी शेतकऱ्याला अंघोळीला राजी करताना तिला नर्सने पाहिलं आणि बटाटे सुटले. त्याला आता चौतीस वर्षं झाली. गावातल्या निम्म्या लोकांच्या आईबापांना तिने न्हाऊ घातलंय, भरवलंय, शेवटी डोळेही मिटलेत. कोणाला दाढीच्या आधी कॉफी लागते, मोज्याची शिवण बोटांवर आली की कोण दिवसभर चिडचिडतं, हे तिला कागद न बघता माहीत. "नर्स का नाही झालीस?" असं कोणी विचारलं की ती सांगे, "नर्सला लिहावं लागतं. मला बघायचं असतं." विनय तिच्यात फारसा नव्हता, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं.

ओर्फा एक्क्याण्णव वर्षांची, पाद्रीसाहेबांची विधवा. टेबलावर कसं बसावं, काटा कुठे ठेवावा, पाहुण्याला कसं वाढावं, हे तिने चाळीस वर्षं चर्चच्या तळघरात गावच्या मुलींना शिकवलं. टेबलावर टेकलेल्या कोपरावर बसलेला तिचा चमचा आर्लिसला अजून आठवतो. जुलैत तिचं वजन एकशे अठरा पौंड होतं. आता सत्त्याण्णव. डॉक्टरांनी रक्त तपासलं, घसा तपासला, कवळी पाहिली. सगळं ठीक.

म्हातारी खिडकीशी बसली होती. अंगात कोट, सगळी बटणं लावलेली. मांडीवर पर्स. समोर ताटात खिम्याची भाजलेली वडी, कुस्करलेला बटाटा, गाजर. कशालाच हात लागलेला नव्हता. शेजारी ब्रिन उभी, गावातलीच एकोणीस वर्षांची नवी सेविका.

"जेवणार ना, ब्राट्सबर्गबाई?"

"नको गं बाळ. माझं आत्ताच झालंय."

"बरं." ब्रिनने कागदावर 'नकार' लिहिलं आणि ताट उचललं.

"कुठे निघालीस?" दारातून आर्लिस म्हणाली.

"त्या नको म्हणाल्या ना."

"मग?"

"मग काय? एकदा विचारायचं, माणसाच्या इच्छेचा मान राखायचा. नियम आहे. गेल्या वर्षी तपासणीवाले ओरडून गेले, इथे बळेबळे भरवतात म्हणून."

"तुझी आजी तुला केक एकदाच विचारते?"

"छे! पण ते घरी."

"आणि तू पहिल्यांदाच हो म्हणतेस?"

"असं कसं म्हणणार? हावरट दिसतं!" एवढं बोलून ब्रिन ताटाकडे बघतच राहिली.

नॉर्डालमध्ये पहिल्या खेपेला हो म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. पहिला नकार रीतीचा. दुसरा, समोरची मनापासून विचारतेय की तोंडदेखलं, ते बघायला. तिसऱ्याला मात्र "एवढं म्हणताय तर घेते एवढंसं." सगळं गाव असंच जेवतं, पण अंगात गणवेश चढला की त्याच गावच्या पोरी आग्रह घरी ठेवून येत होत्या. बाकीच्या सत्तावीस जणांचं भागत होतं, कारण त्यांना ही जागा आपली वाटत होती. ओर्फा जुलैच्या शेवटी छातीच्या दुखण्याने पाच दिवस रुग्णालयाच्या बाजूला राहून आली, आणि तिच्या डोक्यातून ही खोली पुसली गेली.

"घर छान आहे हो तुमचं," ती आर्लिसला म्हणाली. "लोरेन येईलच मला न्यायला."

आर्लिसने कोट पाहिला, पर्स पाहिली. बाई पाहुणी आली होती. नऊ आठवडे, दिवसातून तीन वेळा, पाहुणीला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. गोळ्यांसोबतचा सफरचंदाचा गर आणि घट्ट दूध यांवर ती तगली होती. औषध काही जेवण नव्हे, त्याला नको म्हणायचं नसतं.

विभागाची प्रमुख जनेल रुईझ जानेवारीत टेक्सासहून आलेली. कामाला चोख, बोलायला सरळ. "शुक्रवारी मुलगा येतोय," तिने सांगितलं. "सही केली की शनिवारी शहरात हलवायचं. पोटात नळी."

"शहर एकशे चाळीस मैल आहे. आणि नळीवाल्यांची आपल्याकडे सोय नाही. म्हणजे ती परत येत नाही."

"मला माहीत आहे, आर्लिस. तुम्हाला दुसरं काही सुचतंय?"

"शुक्रवारपर्यंत तिचं दुपारचं जेवण माझ्याकडे दे."

"दामटायचं नाही हं."

"दामटतात ढोरांना. मी आग्रह करणार आहे."

सोमवारी, त्याच दुपारी, आर्लिसने तीनदा विचारलं. तिसऱ्याला ओर्फाने एक बिस्कीट घेतलं, कॉफीचे दोन घोट घेतले, "फार झालं हो" म्हणाली. ताट होतं तसंच. मंगळवारी तेच. बुधवारी वजन साडेशहाण्णव. आर्लिस स्वतःवरच खवळली. चौतीस वर्षांत आपलं चुकलं असं तिला क्वचितच वाटलं होतं, आणि तो अनुभव तिला मुळीच आवडला नाही.

बुधवारी संध्याकाळी तिची नणंद व्हर्ना नेहमीप्रमाणे तिच्या घरी स्वयंपाकाला आली. गुडघा झाल्यापासून रोज येई आणि रोज उभ्यानेच वाढी: हे घे, ते घे, थांब लोणी आणते.

"बस की गं एकदाची! माझं गार होतंय."

"मग खा ना. तुला कोणी धरलंय?"

आर्लिसने काट्याकडे पाहिलं. काटा टेबलावर, हात मांडीत. यजमानीण बसून पहिला घास घेत नाही तोवर पाहुण्याने काटा उचलायचा नाही. हे शिकवलं कोणी? चर्चच्या तळघरात, चमचा हातात घेऊन, ओर्फा ब्राट्सबर्गनेच. बिस्कीट काय, उभ्या उभ्याही चालतं. जेवण चालत नाही.

"व्हर्ना, तू गाढव आहेस आणि मी तुझ्याहून मोठी गाढव," आर्लिस म्हणाली आणि पोटभर जेवली.

गुरुवारी तिने सहा नंबरमध्ये दुसरी खुर्ची ओढली, स्वतःचं ताट मांडलं, हातमोजे काढून खिशात कोंबले, बसून प्रार्थना म्हटली. मग तीनदा विचारलं आणि आपला घास घेतला. ओर्फाने पर्स बाजूला सारली. काटा उचलला. बटाटा, मग वडी, मग पुन्हा बटाटा.

तेवढ्यात जनेल दारात. "आर्लिस! ड्यूटीवर रहिवाशांच्या खोलीत जेवायचं नाही, हे तुम्हाला..."

ओर्फाचा काटा थांबला.

"बस," आर्लिस हसऱ्या तोंडाने, दातांमधून म्हणाली. "नाहीतर जा. उभी राहू नकोस."

जनेल पलंगाच्या कडेवर टेकली. आर्लिसने तिच्या हातात बिस्कीट दिलं. काटा पुन्हा चालू झाला. निम्मं ताट संपलं.

शुक्रवारी लोरेन आला. त्रेसष्ट वर्षांचा, आर्लिसच्याच वर्गातला. खिशाला पेन.

"आईला नको आहे ते मी कसं लादू?" बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला. "मी स्वतः विचारलंय तिला. पोट भरलंय म्हणाली."

"कितीदा विचारलंस?"

"कितीदा म्हणजे? विचारलं."

"लोरेन, तुला गणित येत नव्हतं हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. तीनपर्यंतही मोजता येत नाही, हे आज कळलं. चल आत."

टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. ओर्फाचा चेहरा उजळला. "आलास? निघू या. पण आधी जेवून घे, यांनी एवढं केलंय."

"नको आई, वाटेत खाल्लंय मी."

"असं काय करतोस? घे थोडं."

"खरंच नको."

"लोरेन, एवढा लांबून आलायस."

"बरं, अगदी थोडं," असं म्हणून लोरेनने ताट पुढे ओढलं, आणि हात तिथेच थांबला. त्याने आर्लिसकडे पाहिलं. आर्लिस गाजर चावत होती.

त्या दिवशी सही झाली नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे दिले. वजन चढलं नाही तर नळीचं बघू, म्हणाले. जनेलने ओर्फाच्या कागदावर लिहिलं: तीनदा विचारणे. वाढणाऱ्याने बसून सोबत जेवणे.

"हे लिहावं लागतं?" आर्लिस म्हणाली.

"मी टेक्सासची. आमच्याकडे भूक लागली की माणूस खातो."

"कठीण आहे तुमचं."

ब्रिन, बाकीच्या पोरी, सुट्टीच्या दिवशी व्हर्नासुद्धा, आळीपाळीने सहा नंबरमध्ये जेवू लागल्या. पहिल्या आठवड्यात दीड पौंड चढला. मग कोट खुंटीवर गेला. तिसऱ्या आठवड्यात वजनकाटा एकशे तीनवर आला, आणि शहराला निघायचा विषय लोरेनने फोनवरच मिटवला.

त्याच दुपारी ओर्फाने बटाट्याचा पहिला घास घेतला आणि नाक मुरडलं. पर्स कुठे होती कोण जाणे.

"यात मीठ नाही," ती म्हणाली. "इथला बटाटा हल्ली कोण करतं?"

पाहुणी असती तर मेली असती, पण नावं ठेवली नसती. आर्लिसने मिठाची बाटली पुढे सरकवली. "घ्या."

एकदाच म्हणाली. ओर्फाने बाटली घेतली.